नव्याने हाती आलेले ज्यू ग्रंथ: संग्राहकांसाठी काही शिफारशी

गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे ज्यू धर्म आणि ज्यू विद्येशी संबंधित ग्रंथांचा बऱ्यापैकी मोठा साठा आला आहे. त्यातला काही भाग मुंबईतल्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या संग्रहातला आहे, तर उरलेला इस्रायलला कायमचे निघालेल्या एका बेने इस्राएल (कोकण-मुंबईतल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या) कुटुंबाने दिलेला आहे. हे सगळे ग्रंथ मी स्वतःकडे ठेवणार नाही. तेवढी जागा नाही, आणि माझे हिब्रूही शीर्षकपान, छपाईचे वर्ष आणि मोठ्या अक्षरांतला मजकूर लावण्यापुरतेच आहे. त्यामुळे यातला कोणता ग्रंथ कोणत्या संग्राहकाच्या उपयोगी पडेल, आणि तो घेताना काय तपासावे, हे इथे नोंदवत आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात राहून ज्यू ग्रंथ जमवणाऱ्याने व्हेनिस आणि ॲमस्टरडॅमच्या मागे लागू नये. जे ग्रंथ मुंबई-पुण्यात छापले गेले किंवा इथल्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनामंदिरांत) आणि घरांत वाचले गेले, ते आधी गोळा करावेत, आणि त्यांच्याभोवती संदर्भग्रंथांची एक छोटी पण कामाची रांग उभी करावी. व्हेनिसच्या ग्रंथांना जगभर गिऱ्हाइके आहेत आणि त्यांची काळजी घेणाऱ्या संस्थाही आहेत. डॅनियल बॉम्बर्ग या अँटवर्पहून आलेल्या ख्रिस्ती मुद्रकाने १५२० ते १५२३ च्या सुमारास व्हेनिसमध्ये संपूर्ण बाबिलोनी तालमूद, म्हणजे ज्यू धर्मशास्त्रावरील चर्चांचा अनेक ग्रंथांचा संच, पहिल्यांदा छापून काढला. त्याचा एक उत्तम संच २०१५ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ९३ लाख डॉलरला गेला. त्या खेळात आपल्यासारख्यांना जागा नाही आणि त्याचे वाईट वाटून घेण्याचेही कारण नाही. मात्र १८७४ साली पुण्यात छापलेली मराठी हगादा रद्दीच्या गठ्ठ्यात गेली, तर ती ओळखून बाजूला काढणारा माणूस न्यूयॉर्कला नव्हे, इथेच असावा लागतो.

म्हणून पहिली शिफारस हगादेचीच. पेसाह, म्हणजे मराठी बायबल ज्याला वल्हांडण म्हणते त्या सणाच्या रात्री, घरातल्या सर्वांनी जेवणासाठी एकत्र बसून वाचायची ही पोथी आहे. इजिप्तच्या दास्यातून झालेल्या सुटकेची कथा, तिच्यावरची भाष्ये, स्तोत्रे, आणि कोणता पदार्थ केव्हा खायचा, द्राक्षरसाचा पेला केव्हा उचलायचा याच्या सूचना, असा तिचा मजकूर असतो. ज्यू लोक जिथे जिथे गेले तिथे तिथे त्यांनी ती छापली. अब्राहाम यारी यांनी १९६० साली केलेल्या सूचीत तिच्या २,७०० हून अधिक आवृत्त्यांची नोंद आहे. हिब्रू आणि मराठी अशी दुहेरी हगादा प्रथम १८४६ साली मुंबईत शिळाछापावर निघाली. तिच्यानंतर १८७४ साली पुण्याची आवृत्ती आली. मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर यांनी ती सिद्ध केली, आणि विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात ती छापली गेली. एका हिंदू मुद्रकाच्या पुण्यातल्या छापखान्यात उजवीकडून डावीकडे जाणारी हिब्रू आणि डावीकडून उजवीकडे जाणारी मराठी एका पुस्तकात बसवण्याचे काम झाले, ही गोष्ट मराठी मुद्रणाच्या इतिहासातही सांगण्याजोगी आहे, पण तिथे ती फारशी सांगितली जात नाही. या आवृत्तीत चित्रेही आहेत. बेखमिरी भाकरी करण्याच्या कृतीची जी चित्रे आहेत, त्यांत साड्या नेसलेल्या स्त्रिया जमिनीवर बसून काम करताना दिसतात. युरोपातल्या हगादांची चित्रे समोर ठेवून या पानाकडे पाहिले की चित्रकाराने किती गोष्टी इथल्या घरातून उचलल्या हे लक्षात येते.

माझ्याकडे आलेली प्रत अर्थात मूळ आवृत्तीची नाही. १९६८ साली न्यूयॉर्कहून वॉल्टर फिशेल यांच्या प्रस्तावनेसह तिची हुबेहूब प्रतिकृती प्रसिद्ध झाली, तिची ही प्रत आहे. तिची किंमत मूळ प्रतीच्या मानाने नगण्य असते, परंतु माझा आग्रह असा की मूळ प्रत शोधणाऱ्यानेही ही प्रतिकृती आधी घ्यावी. जुन्या बाजारात पाने गळालेली, शीर्षकपान नसलेली हिब्रू-मराठी पुस्तके अधूनमधून दिसतात. ती १८७४ ची हगादा आहे, तिच्यापूर्वीची आहे की मागाहून निघालेली आहे, हे ठरवायला शेजारी प्रतिकृती असली की काही मिनिटे पुरतात. तिच्याच जोडीला योसेफ हायिम येरुशाल्मी यांचा ‘हगादा अँड हिस्टरी’ हा १९७५ चा मोठ्या आकाराचा ग्रंथही या साठ्यात आहे. पाच शतकांतल्या छापील हगादांची पाने त्यात क्रमाने छापलेली आहेत, आणि त्यांत मुंबई व पुणे या दोन्ही आवृत्त्यांना स्थान मिळाले आहे. या ग्रंथाच्या माझ्या प्रतीचे वेष्टन फाटलेले आहे, पण आतली पाने स्वच्छ आहेत. हगादा जमवायच्या असतील तर हे दोन ग्रंथ एकत्रच घ्यावेत. वेगवेगळे द्यायला मी फारसा उत्सुक नाही.

दुसरा महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे हायिम सॅम्युएल केहीमकर यांचा बेने इस्राएलांचा इंग्रजी इतिहास. केहीमकरांनी तो १८९७ साली लिहून पूर्ण केला आणि तो प्रसिद्ध झाला थेट १९३७ साली, तेल अवीवमध्ये, इमॅन्युएल ओल्सव्हँगर यांच्या प्रयत्नाने. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून राहिले. कोकणातल्या गावांवरून पडलेली आडनावे, शनवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांची ‘शनवार तेली’ ही ओळख, सण, लग्नविधी, लष्करातली नोकरी, मुंबईतली पहिली सिनेगॉग, हे सारे एका आतल्या माणसाने लिहिलेले आहे. समाजाच्या उगमाविषयीची त्यांची मते पुढच्या अभ्यासकांनी जशीच्या तशी स्वीकारलेली नाहीत, आणि वाचकानेही ती तपासूनच घ्यावीत. पण एकोणिसाव्या शतकातल्या रोजच्या आचारांचे त्यांनी केलेले वर्णन अजूनही दुसरीकडे मिळत नाही. माझ्याकडच्या प्रतीच्या पुठ्ठ्याला कोपऱ्यात कसर लागलेली आहे. छायाचित्रे मात्र सर्व आहेत, आणि या ग्रंथाच्या बाबतीत आधी तीच मोजावीत, कारण जुन्या प्रतींतून छायाचित्रे कापून घेण्याची खोड अनेकांना होती.

बेने इस्राएल कुटुंबाकडून आलेल्या पुस्तकांत एक हिब्रू-मराठी प्रार्थनापुस्तक आहे. त्याची सुरुवातीची पाने नाहीत. अशा पुस्तकांच्या संदर्भात जोसेफ इझिकेल राजपुरकर (१८३४–१९०५) यांचे नाव संग्राहकाला ठाऊक असायलाच हवे. मुंबईच्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते, आणि प्रार्थनांची मराठी भाषांतरे करून त्यांनी हिब्रू न समजणाऱ्या शेकडो घरांना आपण काय म्हणतो आहोत ते कळू दिले. त्यांच्या पिढीच्या आधी ही वाट एका मिशनऱ्याने घालून दिली होती. जॉन विल्सन यांनी १८३२ साली बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले होते. धर्मांतराचा हेतू मनात धरून केलेल्या कामाचा उपयोग त्या समाजाने स्वतःच्या धर्माचे मूळ ग्रंथ वाचण्यासाठी करून घेतला, हे मला त्या सगळ्या प्रकरणातले सर्वांत गमतीचे वाटते. त्यानंतर १८८० च्या सुमारास बेने इस्राएल कीर्तनेही सुरू झाली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे पूर्वरंग-उत्तररंगाच्या वळणाने, साक्या-दिंड्यांत बांधून गायली जाऊ लागली आणि त्यांच्या छोट्या पुस्तिका निघाल्या. या पुस्तिका पातळ, स्वस्त कागदावरच्या आणि बांधणी नसलेल्या असत, त्यामुळे त्या टिकल्याही फार कमी. ज्याला खरोखर दुर्मिळ असे काही जमवायचे आहे त्याने त्यांच्या मागे लागावे. माझ्याकडे सध्या एकही नाही. कोणाकडे असल्यास मी विकणारा नव्हे, घेणारा आहे.

याच गठ्ठ्यात लिव्होर्नो येथे छापलेले एक सेफार्दी (स्पेनकडच्या ज्यूंच्या पद्धतीचे) प्रार्थनापुस्तक आहे, आणि बहुतेक लोक ते बाजूला सारून पुढे जातील असा माझा अंदाज आहे. त्याला मराठी नाही, चित्र नाही, नाव घेण्यासारखी बांधणी नाही. पण एकोणिसाव्या शतकात भूमध्य समुद्रापासून बगदाद आणि मुंबईपर्यंतच्या सेफार्दी पद्धतीच्या सिनेगॉगना प्रार्थनापुस्तके पुरवण्याचे काम इटलीतल्या या बंदराने केले. तिथल्या बेलफोर्ते या मुद्रणगृहाची पुस्तके पूर्वेकडे फार दूरवर पोहोचली. मुंबईतल्या माणसाच्या हातात इटलीत छापलेले हिब्रू पुस्तक का असावे, याचे उत्तर या एका प्रतीत आहे. शिवाय आतल्या कोऱ्या पानावर देवनागरीत तीन पिढ्यांतल्या माणसांची जन्मटिपणे आहेत. ज्या कुटुंबाने पुस्तक दिले त्यांनी त्या पानाचे छायाचित्र काढून नेले आहे आणि पुस्तक देण्यास त्यांची हरकत नाही. तरीही ते घेणाऱ्याने ते पान कधीही वेगळे करू नये, एवढी माझी अट आहे.

बगदादचा उल्लेख आला, म्हणून ‘राव पेआलीम’ या ग्रंथाच्या आधुनिक पुनर्मुद्रणाबद्दल सांगतो. बगदादचे हाखाम (धर्मपंडित) योसेफ हायिम (मृत्यू १९०९) यांच्याकडे धर्मशास्त्रीय शंका विचारणारी पत्रे दूरदूरच्या बगदादी ज्यूंच्या वसाहतींतून येत, आणि त्यांनी दिलेली उत्तरे विसाव्या शतकाच्या आरंभी जेरुसलेमला चार भागांत छापली गेली. प्रश्न विचारणाऱ्या गावांत मुंबई वारंवार भेटते. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी सायकल चालवता येईल का, हा प्रश्न मुंबईहून गेला होता, आणि ठरावीक मर्यादेत चालवण्यास हाखामांनी अनुमती दिली. पुढच्या बहुतेक धर्मशास्त्र्यांनी ती मान्य केली नाही, ही गोष्ट निराळी. मुंबईच्या सामाजिक इतिहासाचा हिब्रूत दडलेला हा कागद आहे. हिब्रू न जाणणाऱ्याने मात्र हा ग्रंथ केवळ कपाटाच्या शोभेसाठी घेऊ नये. चार खंडांना जागा बरीच लागते.

आता तालमूदाकडे वळतो, कारण विचारणा सर्वांत जास्त त्याचीच होते. साठ्यात विल्ना आवृत्तीच्या पुनर्मुद्रणाचे काही सुटे खंड आहेत. लिथुएनियातल्या विल्ना शहरात रोम घराण्याच्या विधवेने आणि दिरांनी चालवलेल्या मुद्रणगृहाने १८८० ते १८८६ या काळात जो संच काढला, त्याची पाने आजही बहुतेक येशिवांमध्ये (ज्यू धर्मशिक्षणाच्या पाठशाळांत) जशीच्या तशी वापरली जातात. पानाची मूळ मांडणी त्याहून जुनी आहे. मध्यभागी मिश्ना (मूळ नियमसंहिता) आणि गमारा (तिच्यावरची चर्चा), बांधणीकडच्या बाजूला राशी या मध्ययुगीन भाष्यकारांचे भाष्य आणि बाहेरच्या बाजूला तोसाफोत (राशींनंतरच्या पंडितांची टिपणे), ही रचना आणि पानांचे क्रमांक बॉम्बर्गच्या छपाईपासून चालत आले आहेत. त्यामुळे पाचशे वर्षांच्या अंतराने छापलेल्या दोन प्रतींतही अमुक ग्रंथाचे अमुक पान म्हटले की तोच मजकूर सापडतो. तालमूदातला प्रत्येक ग्रंथ दुसऱ्या पानापासून सुरू होतो. पहिले पान नाही म्हणून प्रत अपूर्ण समजून परत करणारे गिऱ्हाईक मी पाहिले आहे. राशींचे भाष्य ज्या वळणाच्या अक्षरांत छापतात ते त्यांचे हस्ताक्षर नव्हे. ते स्पेनकडच्या ज्यूंच्या लेखनाचे वळण आहे आणि राशी (१०४०–११०५) फ्रान्समधल्या त्र्वा गावचे. पण १४७५ साली इटलीतल्या रेज्जो दी कालाब्रिया येथे त्यांचे तोरावरील (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांवरील) भाष्य त्या अक्षरांत छापले गेले आणि ‘राशी लिपी’ हे नाव चिकटले ते कायमचे.

तालमूदाचे सुटे खंड घ्यावेत का? संग्राहक म्हणून माझे उत्तर सहसा ‘नाही’ असे असते, कारण उरलेले खंड जुळत नाहीत. पण एक खंड जरूर घ्यावा आणि तो ‘बेराखोत’ असावा. प्रार्थना आणि आशीर्वचने यांविषयीचा हा पहिला ग्रंथ आहे, गोष्टींनी भरलेला आहे, आणि जगभरचे वाचक दररोज एक पान वाचण्याच्या ज्या उपक्रमात सामील असतात त्याची सुरुवातही याच ग्रंथाने होते. १९२३ साली व्हिएन्नाच्या संमेलनात रब्बी (ज्यू धर्मगुरू) मेइर शापिरो यांनी ही कल्पना मांडली. २,७११ पानांची एक फेरी सुमारे साडेसात वर्षांत पुरी होते. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेली चौदावी फेरी २०२७ साली संपेल. वाचण्यासाठी म्हणून इंग्रजीची मदत हवी असेल, तर १९३५ पासून लंडनहून निघालेल्या सोन्सिनो आवृत्तीचे काही खंड माझ्याकडे आहेत. त्यांची भाषा जुनी, टिपा आटोपशीर आणि कापडी बांधणी अजून घट्ट आहे. अदिन स्टाइनसाल्ट्झ यांनी १९६५ साली सुरू करून २०१० साली पूर्ण केलेले भाष्य यापेक्षा वाचकाला पुष्कळ सोयीचे आहे, हे मान्यच करायला हवे, आणि त्यावर आधारलेले इंग्रजी भाषांतर २०१७ पासून सेफारिया या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते. त्यामुळे सोन्सिनोचे खंड वाचनासाठी म्हणून नव्हे, तर दोन महायुद्धांच्या मधल्या इंग्रजी ज्यू विद्येचा नमुना म्हणून घ्यावेत.

मार्कुस यास्त्रो यांचा तालमूद आणि मिद्राश (शास्त्रवचनांवरची पारंपरिक विवरणे) यांच्या भाषेचा कोश मात्र कोणीही मागेपुढे न पाहता घ्यावा. फिलाडेल्फियाच्या या रब्बींनी तो १८८६ ते १९०३ या काळात क्रमाक्रमाने प्रसिद्ध केला आणि शेवटचा भाग आला त्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. व्युत्पत्तीच्या बाबतीत त्यांचा कल शक्यतो प्रत्येक शब्द सेमिटिक मुळापर्यंत नेण्याचा होता, आणि त्यामुळे काही ठिकाणी सरळ दिसणारे ग्रीक मूळही ते नाकारतात. तेवढे सोडले तर सव्वाशे वर्षांनंतरही अभ्यासकाच्या टेबलावरून तो हललेला नाही. जोसेफ हर्ट्झ यांचा पेंटाटूकवरील, म्हणजे तोरावरील, भाष्यग्रंथ हा त्या मानाने सर्वत्र मिळणारा, एके काळी इंग्रजी साम्राज्यातल्या बहुतेक सिनेगॉगमध्ये असलेला. पाच खंडांत तो १९२९ ते १९३६ या काळात निघाला आणि पुढे एका जाड खंडात आला. एकखंडी प्रती मुंबईत अजून सहज मिळतात, म्हणून त्यासाठी फार पैसे मोजू नयेत.

‘ज्युइश एन्सायक्लोपीडिया’चा एकच खंड, तिसरा, या साठ्यात आला आहे. न्यूयॉर्कला १९०१ ते १९०६ मध्ये निघालेल्या बारा खंडांपैकी एकटा तिसरा खंड कोण घेणार, असे कोणी म्हणेल. त्यात बेने इस्राएलांवरचा लेख आहे, एवढे उत्तर मला पुरेसे वाटते.

प्राध्यापकांच्या संग्रहात नसलेल्या, पण मी कित्येक वर्षे शोधत असलेल्या एका ग्रंथाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. मुंबईत १८८० साली जन्मलेले डेव्हिड सॉलोमन ससून हे गेल्या शतकातले हिब्रू हस्तलिखितांचे एक थोर संग्राहक. लहानपणी त्यांनी आपला पतंग देऊन दुसऱ्या मुलाकडून रूथच्या पुस्तकाची जुनी छापील प्रत घेतली आणि तिथून संग्रहाला सुरुवात झाली, अशी आख्यायिका त्यांच्याविषयी सांगितली जाते. त्यांच्या आई फ्लोरा ससून या स्वतः विदुषी होत्या आणि पतीच्या निधनानंतर मुंबईतली पेढी त्यांनी सांभाळली होती. पुढे इंग्लंडला गेलेल्या डेव्हिड यांनी हजाराहून अधिक हस्तलिखिते जमवली आणि १९३२ साली ‘ओहेल दाविद’ या नावाने त्यांची दोन खंडांतली वर्णनात्मक सूची ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केली. हीच ती सूची मी शोधतो आहे. १९२९ साली त्यांनी ३५० पौंडांना घेतलेले, नवव्या शतकाच्या अखेरचे किंवा दहाव्याच्या आरंभीचे एक बायबल मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ८१ लाख डॉलरला विकले गेले आणि आता ते तेल अवीवच्या संग्रहालयासाठी घेतले गेले आहे. बातम्यांत आकडा सर्वांनी वाचला. सूचीत त्या हस्तलिखिताचा क्रमांक १०५३ आहे आणि त्याच्या आगेमागे शेकडो नोंदी आहेत, त्यांतल्या कित्येक भारताशी जोडलेल्या. मला त्या वाचायच्या आहेत.

घेताना काय तपासावे, याविषयी थोडे. हिब्रू पुस्तकाचे वर्ष शीर्षकपानावर अंकांत क्वचितच सापडते. एखादे शास्त्रवचन छापलेले असते आणि त्यातली काही अक्षरे मोठी किंवा खुणा केलेली असतात. त्या अक्षरांच्या संख्यामूल्यांची बेरीज म्हणजे ज्यू सनाचे वर्ष, पण त्यातले पाच हजार सहसा गाळलेले असतात. आलेल्या बेरजेत १२४० मिळवले की इसवी सन मिळतो: ६३४ अधिक १२४० म्हणजे १८७४. ज्यू वर्ष शरद ऋतूत सुरू होत असल्याने पहिल्या तीन-चार महिन्यांत छापलेल्या पुस्तकाचे इसवी वर्ष एकने कमी असते. छपाईच्या गावाचे नाव वाचतानाही सावध राहावे. अनेक पुस्तकांवर ‘ॲमस्टरडॅम’ हा शब्द ठसठशीत छापलेला असतो आणि त्याच्या आधी बारीक टाइपात ‘च्या अक्षरांनी’ अशा अर्थाचा शब्द असतो. पुस्तक भलतीकडेच छापलेले असते. त्या शहराच्या टाइपाची कीर्ती इतकी होती की इतर मुद्रकांना तिचा आधार घ्यावासा वाटे. सर्वांत मोठी फसगत पुनर्मुद्रणांची होते. दुसऱ्या महायुद्धानंतर इस्रायल आणि न्यूयॉर्क येथे हजारो जुने ग्रंथ छायाचित्रण पद्धतीने पुन्हा छापले गेले, आणि त्यांतल्या बऱ्याच ग्रंथांत मूळ शीर्षकपान मूळ सनासह तसेच ठेवलेले आहे. शीर्षकपानावर १८८० असले तरी गुळगुळीत पांढरा कागद आणि रेक्झिनची बांधणी विसाव्या शतकाचीच साक्ष देतात.

आतल्या पानांवरच्या खुणा पुसू नयेत. मालकाच्या नावाआधी ‘पृथ्वी आणि तिच्यातले सर्व काही परमेश्वराचे आहे’ हे स्तोत्रातले वचन लिहिण्याची जुनी रीत आहे. पुस्तक आपले म्हणण्याआधी ते आपले नाही हे मान्य करून टाकायचे. इटलीतून आलेल्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पुस्तकांत शेवटी मजकुराचे परीक्षण करणाऱ्या (सेन्सॉर) अधिकाऱ्याची सही आणि मध्ये शाईने खोडलेल्या ओळी दिसतात. कित्येकदा खोडणारी शाई आता विटली आहे आणि खालचा छापील मजकूर पुन्हा वाचता येतो.

शिक्के मात्र नीट वाचावेत. प्राध्यापकांच्या संग्रहात ग्रेट्झ यांच्या ज्यू इतिहासाचा एक सुटा जर्मन खंड आहे आणि त्याच्या आत ‘ज्युइश कल्चरल रिकन्स्ट्रक्शन’ या संस्थेची पट्टी चिकटवलेली आहे. नाझींनी लुटलेली लक्षावधी पुस्तके युद्धानंतर जर्मनीतल्या ऑफेनबाखच्या कोठारात गोळा झाली. ज्यांचे मालक किंवा वारस सापडले नाहीत त्यांपैकी सुमारे पाच लाख पुस्तके या संस्थेने निरनिराळ्या ग्रंथालयांना वाटली. इतिहासकार सॅलो बॅरन तिचे अध्यक्ष होते आणि हाना आरेंट कार्यवाह. अशी पट्टी असलेले पुस्तक मुळात कोणत्यातरी ग्रंथालयाला दिलेले असते, तेव्हा ग्रंथालयाने ते रीतसर काढून टाकल्याचा शिक्का आहे का, हे पाहिल्याशिवाय ते घेऊ नये. माझ्याकडच्या खंडावर तो आहे. कोकणातल्या आणि मुंबईतल्या सिनेगॉगचे शिक्के असलेल्या पुस्तकांनाही मी हाच नियम लावतो. ७५ वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांना पुरावशेष व कलासंपदा अधिनियम, १९७२ लागू होतो आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, हेही परदेशातल्या मराठी संग्राहकांनी लक्षात ठेवावे. तोराच्या गुंडाळ्या आणि चर्मपत्राचे तुकडे मी विकत घेत नाही आणि विकतही नाही.

जपणुकीबद्दल फार लिहीत नाही. विल्नासारखे मोठ्या आकाराचे खंड उभे ठेवले की स्वतःच्या वजनाने बांधणीतून सुटतात, म्हणून ते आडवे ठेवावेत. आडव्या चळतीत तोराचे पुस्तक नेहमी सर्वांत वर, त्याखाली संदेष्ट्यांचे ग्रंथ आणि त्याखाली तालमूद, असा ज्यू घरांतला क्रम आहे, आणि पुस्तक पालथे ठेवत नाहीत. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबईच्या दमटपणात काचेचे बंद कपाट घातक ठरते. हवा खेळती ठेवावी, पावसाळा संपला की पाने उलटून पाहावीत, पारदर्शक चिकटपट्टी कुठेही लावू नये. डांबरगोळ्या पानांत न ठेवता फळीच्या कोपऱ्यात ठेवाव्यात.

साठ्याच्या तळाशी सुटी, फाटलेली बरीच पाने निघाली. ईश्वराचे नाव ज्यावर छापलेले आहे असा कागद फेकून द्यायचा नाही, तो गेनिझात, म्हणजे अशा कागदांसाठीच्या कोठीत, साठवून पुढे दफन करायचा, असा ज्यू नियम आहे. कैरोच्या अशाच एका कोठीतून १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी केंब्रिजला नेलेल्या तुकड्यांनी मध्ययुगाचा इतिहास बदलला, हे खरे असले तरी माझ्याकडची पाने अलीकडच्या छापील प्रार्थनापुस्तकांची होती आणि त्यांत हरवलेले असे काही नव्हते. ती सर्व पाने मी पुण्यातल्या सिनेगॉगच्या व्यवस्थापकांकडे दिली. ग्रेट्झचा खंड, यास्त्रो, केहीमकर आणि लिव्होर्नोचे प्रार्थनापुस्तक अद्याप माझ्याकडे आहेत. यास्त्रोसाठी एका विद्यार्थिनीने आधीच विचारले आहे, आणि तिने नको म्हटले तरच तो इतरांना मिळेल.